टेन्शन न देणारा नवरा

माह्या बायकोले छातीचा कॅन्सर निघाला. सलाईनी घ्यायले आमी शहरातल्या दवाखान्यात जात होतो. दुसऱ्या सलाईनीच्या वख्ती एका डॉक्टरीणबाईनं तिले इचारलं, अभ्यासासाठी दर सलाईनीले थोडंसं रक्त द्याल का. बायको म्हणे, घ्या, पण कायले पाह्यजे थे ह्याइले समजून सांगा, नाही त हे रस्ताभर माहं डोक्शं खातीन.

सांगणारी हुशार होती. ऐकणारा मी होतो.

बाई म्हणे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हंजे वावरात जागल करणारे गडी. माणसाले ताण आला का आंगात एक रस तयार होते, त्यानं ह्या गड्याइले पेंग येते. काम झालं का शरीर तो रस निजवून टाकते. पण कॅन्सरवाल्या माणसाच्या ह्याच पांढऱ्या पेशी तोच निजलेला रस आपल्या पोटात परत उठवतात का, थे आमी पाहून राह्यलो. अजून पक्कं माहीत नाही, असं तिनं दोनदा सांगतलं. थे मी दोन्ही डाव ऐकलं नाही. माह्या डोक्शात येवढंच घुसलं का बायकोले टेन्शन देलं का गडी झोपले.

घरी आलो आन् कामाले लागलो. आमच्याकडे बिमार माणसाले पाहाले कोणी रिकाम्या हातानं येत नाही. डझनभर केळं आन् त्याच बिमारीनं मेलेला एक नातेवाईक संगं आणतात. म्हून मी दारातच खाट टाकून बसलो. शेजारची काकू आली. मी केळं ठेवून घेतले आन् तिची मेलेली चुलतसासू बाहीरूनच वापस पाठवली. काकू अजून माह्याशी बोलत नाही.

मंग घरातली खबर बंद केली. शेळी आटली, सांगतलं नाही. डुकरं वावरात घुसले, सांगतलं नाही. बायकोनं बरबटीच्या, म्हंजे चवळीच्या, बियाण्याचं मडकं मागतलं, पेरायचे दिवस आलते, त मी म्हटलं, तू आराम कर वं राणी. राणी! आमच्या लग्नाले सव्वीस वर्षं झाले, हा शब्द म्या बैलाले बी कधी लावला नव्हता.

ती जेवाचं कमी करत गेली. मले वाटे, दवाईनं होत असन. तिसऱ्या सलाईनीच्या आदल्या दिवशी तिनं सांगून टाकलं, मी येत नाही. म्या कारण इचारलं, त भिंतीकडं तोंड करून म्हणे, "माहे किती दिवस सांगतले बाईनं? महिनाभर गोड बोलून राह्यले तुमी. मले काय समजत नाही?"

म्या म्हटलं, दिवस नाही वं सांगतले कोणी. तिचा इस्वास बसेना. मंग म्या खरं काय थे सांगून टाकलं.

"तुहं बरबटीचं बियाणं म्या शिजवून खाल्लं."

थे बियाणं तिच्या मायनं देलेलं. दरसाली पेरे, दरसाली राखेत घोळून मडक्यात ठेवे. पहिल्या सलाईनीले तिले दवाखान्यात ठेवलं तवा मी घरी शेळी पाहाले आलतो. दाळ सापडली नाही, मडकं सापडलं.

तिनं मंग इकडं तोंड फिरवलं.

"राखेसकट?"

"धुतली होती."

"किती पाण्यानं?"

"एका."

आधी डोये भरले तिचे. मंग हसाले लागली, खोकला येवस्तोवर हसली. मंग मले अशा शिव्या देल्या का मले बरं वाटलं. आनखीन काय काय लपवलं, एक एक सांगा म्हणे. शेळी सांगतली, डुकरं सांगतले, काकू सांगतली. काकूच्या वख्ती तिनं कपायाले हात लावला, आन् भाकर मागतली.

सकाळी शहरात जाणाऱ्या दिग्रसच्या गाडीत ती माह्या आधी चढली. चिल्लर तिच्याजवळच, म्हणे तुमचा भरोसा नाही.

दवाखान्यात बाईनं तिले इचारलं, सध्या काही ताण आहे का?

"हाय ना जी," बायको म्हणे. "हे काय, बाजूले बसले."

बाईनं कागदावर इंग्रजीत काहीतरी लिवलं. थे बरोबर लिवलं का नाही ते माह्या बायकोनं वाकून पाह्यलं, तिले इंग्रजी येत नाही तरी. मंग तिनं बाही वर केली आन् हात पुढं केला.