वर्ग रिकामा ठेवायचा नाही

पहाटे साडेपाचला माझा फोन टिंग करतो. नागपूरच्या आमच्या शाळेत कोणी शिक्षक आले नाहीत, की शिपाई एक वही घेऊन दारात उभा राहायचा. आठवी ब, पाचवा तास, सही करा. सही करताना आम्ही न आलेल्या माणसाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवायचो आणि वर्गावर जायचो. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, शिपायाचं काम अ‍ॅप करतं. कुठल्या शाळेत आज कोण नाही ते सांगतं आणि विचारतं, जाणार का? शिपायाला चहा पाजून निदान वही दुसऱ्याकडे वळवता यायची. याला चहाही चालत नाही.

मी अठरा वर्षं गणित शिकवलं. त्यात बाळंतपण सोडलं तर घरच्या कारणासाठी एक दिवससुद्धा रजा घेतली नाही, हे मी मराठी मंडळात ओळख करून देताना नावाच्या आधी सांगते. पीटीचे सर आले नाहीत की पोरं खूश व्हायची, आणि बदलीवर मी आलेली पाहून त्यांचे चेहरे पडायचे, कारण पीटीच्या तासालाही मी गणितच घ्यायचे. वर्ग रिकामा ठेवायचा नाही, हा माझा बाणा. पुढे नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि व्हिसाच्या कृपेने सात वर्षं मी घरी बसून भांडी घासली. भांडी मात्र वेळेवर हजर असायची.

लेक नववीत गेली आणि ऑक्टोबरात तिच्या अल्जेब्राच्या टीचर शाळा सोडून गेल्या. दुसरं कोणी मिळेना. मग रोज एक नवीन माणूस. एक रिटायर झालेले आजोबा यायचे, ते विमानांची मासिकं वाचायचे. एक तरुण मुलगी यायची, ती तासभर फोनवर स्वतःच्या लग्नासाठी हॉल बघायची. पोरं शब्दकोडी सोडवायची. थँक्सगिव्हिंगच्या आधी माझी नववीतली लेक अल्जेब्राच्या तासाला टर्की पक्ष्याचं चित्र रंगवून घरी आली. रंग छान भरला होता, रेषेबाहेर कुठे गेला नव्हता. साधं समीकरण दिलं तर मात्र माझ्या तोंडाकडे बघत बसली. जानेवारीत परीक्षा होती.

नेमकं तेव्हाच माझं वर्क परमिट आलं. मी लगेच बदली शिक्षिकेच्या कामासाठी अर्ज केला. ट्रेनिंग दोन तासांचं, तेही ऑनलाइन. मुलांना हात लावू नका, एकटं सोडू नका, टीचरने ठेवलेल्या कागदाबाहेर काही करू नका. शिकवण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

तिच्याच वर्गावर पहिल्यांदा जायचं होतं त्या सकाळी लेक कारमध्ये म्हणाली, "यू डोन्ट नो मी. ओके?"

मी म्हटलं, "तुझं अल्जेब्रा बघता मलाही ओळख दाखवायची हौस नाही."

वर्गाच्या दारात मी उभी राहिले. पोरं उठून उभी राहतील म्हणून वाट बघितली. अठरा वर्षांची सवय. मिनिटभराने पहिल्या बाकावरच्या मुलाने अगदी प्रेमाने विचारलं, "मॅम, ऑफिस शोधताय का?" लेकीने डोकं बाकावर टेकवलं, ते तास संपेपर्यंत वर केलं नाही.

शब्दकोड्यांचा गठ्ठा मी कपाटात टाकला आणि फळ्यावर समीकरण लिहिलं. एकीने हळूच विचारलं, "आर वी अलाउड टू डू धिस?" ट्रेनिंगच्या हिशेबाने नव्हतंच, ते मी तिला कशाला सांगू. पण आठवड्याभरात मागच्या रांगेतली पोरंसुद्धा फळ्यापाशी येऊन भांडायला लागली, वजा चिन्ह कुठे गेलं म्हणून. ऑफिस मला रोज त्याच वर्गावर बोलावू लागलं. त्यांना काय, भोक बुजल्याशी मतलब.

मी फुगले, दुसरं काय. शनिवारी मंडळाच्या जेवणात त्या सोडून गेलेल्या टीचरची मी चार लोकांत यथेच्छ धुलाई केली. इथे म्हणे मन थकलं तरी रजा मिळते. आमच्या मनाला थकायला सवड नव्हती हो. पोरांना असं वाऱ्यावर सोडून जायचं म्हणजे कमाल आहे. एका काकूंनी मान डोलावली, तेवढं मला पुरलं.

परतताना लेक म्हणाली, "तिचा मुलगा सिक आहे, आई. लीव्ह संपली म्हणून तिने क्विट केलं. एव्हरीबडी नोज."

"असेल. आमचीही मुलं आजारी पडायची."

"आय नो. आय वॉज द किड."

मी रेडिओ लावला.

ती पाच वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला होता. दहावीची उजळणी चालू होती, म्हणून तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी अकरा दिवस शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी परिपाठाला सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ही गोष्ट मी मंडळात रंगवून सांगते. तिच्यात काकू असतात, मुख्याध्यापक असतात, टाळ्या असतात. त्या अकरा दिवसांत पोरगी दिवसभर काय करत होती, ते नसतं, कारण मी कधी विचारलंच नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण मी कितीतरी पोरांना तोंडावर फेकली आहे. तिचा पुढचा अर्धा भाग मला त्या रात्री कारमध्ये आठवला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटची उजळणी घ्यायची ठरली होती. पहाटे उठले तर लेक तापाने फणफणलेली. एकशे तीन. नवरा कामासाठी डॅलसला. डबा भरता भरता मी बेत केला: औषध द्यायचं, फोन उशाशी ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीत एक चक्कर मारायची. पर्स खांद्याला लावूनच मी तिच्या खोलीत सांगायला गेले.

डोळे न उघडता ती म्हणाली, "तू जा. मला सवय आहे."

या देशात आल्यापासून ही पोरगी माझ्याशी सलग दोन वाक्यं निव्वळ मराठीत बोललेली नव्हती. ही दोन मात्र स्वच्छ बोलली. लाज वाटली मला. पर्स मी खाली ठेवली.

अ‍ॅपमध्ये 'येऊ शकत नाही' असं एक बटण आहे, ते मी पहिल्यांदाच दाबलं. कारणांची यादी आली, तीतून 'घरात आजारपण' निवडलं. दोन मिनिटांत टिंग. त्याच शाळेत, त्याच वर्गावर आज कोणी नाही, तुम्ही जाणार का? नाही. पुन्हा टिंग. वर्गभर पोरं, उद्या परीक्षा, आणि आज बहुतेक विमानवाले आजोबा. जीव तुटत होता माझा, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या टिंगला लेकीने विचारलं, "कोण आहे?"

"शाळा. माझ्या जागी कोणी मिळत नाहीये त्यांना."

"मग जाणार तू?"

"नाही."

एक डोळा किलकिला करून तिने मी खरं बोलतेय का ते पाहिलं. मग भिंतीकडे सरकून मला पलंगावर जागा करून दिली.