पुकाऱ्याला आलेली ओ

कुमुदताईंकडे मी पहिल्यांदा गेले ती नवाकोरा काळा कोट घालून. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं नि म्हणाल्या, "कोट छान आहे. आता गप्प बसून ऐकायला शीक." नाशिकच्या दिवाणी कोर्टात ताई पंचाहत्तरीतही कामाला उभ्या राहतात, आणि मी बापडी अजून ऐकायलाच शिकते आहे. त्यांना निकालापेक्षा तडजोड प्रिय. "अगं, निकालावर अपील, मग त्यावर अपील. तोवर माणसं संपतात!"

दिंडोरीकडचे दामूअण्णा तसेच संपले. धाकटे भाऊ एकनाथराव सामाईक विहिरीचं पाणी घेऊ देईनात, म्हणून अण्णांनी दावा लावला होता. ते गेले, आणि सुकत चाललेली द्राक्षबाग नि दावा दोन्ही त्यांच्या पत्नी यमुनावहिनींच्या गळ्यात पडली. ताईंनी निधनाची खबर कोर्टाला देऊन वारसांची नावं लावायचा अर्ज लगेच केला. पण हुकूम होईपर्यंत कागदावर वादी अण्णाच. तारखेला शिपायानं दारात उभं राहून नेहमीसारखा पुकारा केला, "दामोदर कारभारी!"

"ओ! आलो, आलो!"

व्हरांड्याच्या टोकाकडून अण्णांचाच घोगरा, घाईतला आवाज आला. भर दुपारी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिकडे चिटपाखरू नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. एकनाथराव माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचे ओठ हलले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

ताई एकनाथरावांच्या वकिलांना सोबत घेऊन शांतपणे पुढे आल्या. "एकनाथराव, बसून बोलायचं का?"

"बसू, ताई. वहिनीला पाणी देतो. लय झालं आता." ते व्हरांड्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "फक्त त्याला म्हणावं, घरी जा."

वारस लागले, कोर्टानं प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं, पाण्याच्या पाळ्या ठरून तडजोडीवर सह्या झाल्या. बाग वाचली. दर हंगामात वहिनी द्राक्षं पाठवतात आणि ताई त्यातला पहिला घड माझ्या डब्यात ठेवतात.

परवा मी धीर करून विचारलं, "ताई, तो आवाज कुणाचा होता हो?"

"कुठला आवाज? मला काही ऐकू आलं नव्हतं. एकनाथराव पांढरेफटक पडलेले दिसले, तेवढं पुरे होतं."

माझ्या हातातला घड हातातच राहिला.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या प्रकरणांचे पुकारे होत राहोत, आणि दर वेळी ओ द्यायला तुम्ही स्वतः समोर असा. व्हरांड्यातून नुसता आवाज आलेला मला मुळीच चालणार नाही.