खिडकीतला मेंढपाळ

"डोळं शेवटी," असं म्हणून पेंटर ब्रशच्या मागच्या टोकाने कान खाजवायचे. ते गणपती रंगवायचे, आणि मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखायचे असतात हे खरं. पण हा माणूस मिसळ खातानाही शेव बाजूला ठेवून "डोळं शेवटी" म्हणायचा. आता ह्यावर काय बोलणार, तुम्हीच सांगा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यातल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये रविवारी मी पेटी वाजवायचे, किल्लीही माझ्याकडेच असायची. वेदीमागे इंग्रज साहेबाच्या काळातली रंगीत काचेची खिडकी होती. तिच्यावर उत्तम मेंढपाळ, म्हणजे आमचा प्रभू येशू, कोकरू घेऊन उभा. एका वळिवात गारांनी तिचा पार चुराडा केला. तसली काच आता कुठून आणायची? पाळकसाहेबांनी साधी काच बसवली आणि नाताळच्या आत तिच्यावर तेच चित्र काढायला पेंटरना बोलावलं. नमुना म्हणून कुणाच्या तरी लग्नाचा फोटो दिला. त्यात अर्धी खिडकी नवरदेवाच्या डोक्यामागे गेली होती.

उरलेली अर्धी पेंटरनी मनानेच पुरी केली. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी आली. मेंढ्या जतकडच्या, बाकदार नाकाच्या आल्या, कारण त्यांचे मेहुणे तिकडे मेंढरं राखायचे. कोपऱ्यात एक कुत्रंही आलं. पाळकसाहेबांनी कुत्र्याबद्दल हळूच विचारलं, तर पेंटर म्हणाले, लांडगा आला तर देवानं एकट्यानं कुठंकुठं बघायचं? पाळकसाहेब बायबल कोळून प्यायलेले, पण त्यांनी कुत्रं राहू दिलं. डोक्यामागे फिरतं चक्र आणि लाल-हिरवे दिवे लावायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पेंटर फुगून बसले होते.

नाताळ तोंडावर आला तेव्हा त्यांनी डोळे आखले. खरं सांगते, बघून मला भरून आलं. घरी सगळी बरी आहेत ना, असं विचारल्यासारखा तो मेंढपाळ बघत होता. पाळकसाहेबांनी पेंटरच्या पाठीवर थाप मारली.

ब्रश धुता धुता पेंटरनी सहज विचारलं, "मग ह्यांचं विसर्जन कवा? काच काढून कृष्णामाईवर न्यायची, का जाग्यावरच पुसायची?"

पाळकसाहेबांना ठसकाच लागला. तो ओसरल्यावर त्यांनी समजावलं, की विसर्जन वगैरे काही नाही, हे चित्र इथंच राहणार, आपण सगळे गेल्यावरसुद्धा.

पेंटर मटकन बाकावर बसले. जन्मभर रंगवलेला एकेक देव त्यांनी पाण्यात जाताना बघितला होता.

"ऱ्हाणार?" ते म्हणाले. "आवं बाई, मी पाण्याचा रंग मारलाय की."

आम्ही अडवायच्या आत त्यांनी ओलं फडकं उचललं. आधी कुत्रं गेलं, मग मेंढ्या गेल्या. "अहो, नाताळ आहे, नाताळ," करत पाळकसाहेब त्यांच्यामागे इकडून तिकडे. पेंटर रडत होते आणि पुसत होते. "ऱ्हायाचं तर नीट ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणत होते.

त्या नाताळात कोऱ्या काचेतून शेजारणीच्या वाळत घातलेल्या गोधड्या दिसत होत्या. आम्ही गोधड्यांकडे बघत गाणी म्हटली. ईस्टरपर्यंत पेंटरनी ऑइलपेंटमध्ये सगळं पुन्हा काढलं, कुत्र्यासकट.

पुढे दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी रंगवलेले सगळे गणपती पाण्यात गेले की, ते चर्चमध्ये यायचे. पहिल्या बाकावर बसून खिडकीकडे बघत विचारायचे, "हाय न्हवं?"

मी म्हणायचे, "आहे." मग ते चहा पिऊन जायचे.

पेंटर वारले त्या वर्षीही मी त्या दिवशी चर्च उघडलं. पहिल्या बाकावर बसून राहिले. विचारायला कुणीच नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "आहे."