डोहावरचे बरगे

डोळा लागतोय, आणि लागू नये असं मला वाटतंय. दुपारचा डबा झाला की पाटबंधारे खात्याच्या या सेक्शन ऑफिसच्या बाकावर पाठ टेकायची नाही, असं रोज स्वतःला बजावते आणि रोज टेकते. आज तर हक्कच आहे म्हणा. आई गेल्यापासून धड झोप नाही, आणि उद्या तिचं दहावं. फोन उशाशी ठेवलाय. बंद ठेवायची सोय नाही, बंधाऱ्यावरचा आमचा चौकीदार रंगराव कधीही फोन करतो आणि मी झोपेतही उचलते. सवयच लागलीय मेली.

खिडकीबाहेर शेवग्याला आईच्या अस्थींचं गाठोडं टांगलंय. घरात आणत नाहीत ना, म्हणून. त्याच्या पलीकडे उतार आणि उताराखाली तांबळी नदी. नदी म्हणायची आपली. वर बंधारा, खाली डोह. बंधाऱ्याच्या खाचांत एकावर एक फळ्या बसवल्यात, त्यांना बरगे म्हणतात. त्या बरग्यांमागे अख्ख्या खोऱ्याची घाण तटून उभी आहे, कारखान्याचा नाला, वरच्या गावांची गटारं, सगळं फेसासकट. खाली डोहात पाणी थोडंच उरलंय, पण झऱ्याचं आहे, निर्मळ आहे. त्यातूनच शहराला प्यायचं पाणी जातं, आणि नदीतले होते नव्हते ते मासे त्यातच येऊन राहिलेत. होळीपासून मी सगळ्यांच्या हातापाया पडतेय की बाबांनो, आधी धरणातून ताजं पाणी सोडा, ते या घाणीत मिसळू दे, मग मी बरगे काढते. आधी बरगे काढले तर सगळं काळं पाणी एकदम डोहात उतरेल आणि मासा नावाला राहणार नाही. शेंबड्या पोरालाही कळेल असं आहे हे. पण धरण दुसऱ्या विभागाकडे, आणि वरच्या गावांनी हो म्हटल्याशिवाय तिथलं पाणी काही सुटत नाही.

आईनं जाताना एवढंच मागितलं. म्हणाली, "डोहात सोड मला. पण वाहत्या पाण्यात हं. साचलेल्यात नको." डोह तिचाच. गावातल्या निम्म्या पोरी तिनं तिथं पोहायला शिकवल्या. आता डोह वाहत नाही, बरगे काढल्याशिवाय वाहणारही नाही, आणि बरगे काढायचा हुकूम द्यायचा कुणी? तर तिच्याच लेकीनं. घ्या!

पंखा कुरकुरतोय. पापण्या जड होतायत. होऊ देत.

"काय गं, ऑफिसात झोपतात होय?"

आई बाकाच्या पायथ्याशी बसलीय. केस ओले, खांद्यावर टॉवेल, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला. ती गेलीय हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. त्यावर बोलायची गरज कुणालाच वाटत नाही.

"तू बाहेर झाडावर आहेस ना?" मी विचारते.

"तिथं मुंग्या आहेत गं."

"अगं मग सांगायचंस की! दुसरीकडे बांधलं असतं."

"आता सांगतेय ते काय? ऊठ. चल, तुझं पाणी बघू."

मी उठते, दार उघडते. बाहेर व्हरांडा असायला हवा, पण आहे खोरे समितीच्या बैठकीचं सभागृह. लांबलचक टेबल, पांढरी चादर, बिस्किटांच्या बशा. गुडघाभर पाणी साचलंय सभागृहात आणि कुणाला त्याचं काही नाही. मंडळी पाय पाण्यात ठेवून चहा पितायत.

"हे कोण गं सगळे?"

"नदीवाले. ते वरच्या गावांचे देसाई, ते कारखान्याचे साहेब, त्या शहराच्या नगराध्यक्षा. आणि कडेला बसलेत ते सुबराव भोई, मासेमारीवाल्यांचे."

"मग चांगलंय की. एकत्र बसलेत."

"बसतात. दर महिन्याला बसतात."

"आणि तू काय आहेस यांच्यात?"

"सदस्य-सचिव."

"म्हणजे काय करतेस?"

"पुढच्या बैठकीची तारीख कळवते."

आई हसायला लागते. हसता हसता तिला खोकला लागतो, तोच दवाखान्यातला, कोरडा, थांबता न थांबणारा. पाठ चोळायला मी हात पुढे करते, पण ती माझ्यापेक्षा एक खुर्ची लांब आहे. मी खुर्ची ओलांडते, तरी ती एक खुर्ची लांबच.

देसाई उभे राहतात. "मॅडम, आमच्या गुरांना पाणी पुरेना झालंय. तुमची घाण ढकलायला धरण कसं रिकामं करू?" खोटं बोलत नाहीत ते, गुरं मी डोळ्यांनी बघून आलेय. कारखान्याचे साहेब खिशातून बाटली काढतात. बाटलीत चकचकीत पाणी. "आम्ही शुद्ध करूनच सोडतो." ही मात्र शुद्ध लोणकढी! नगराध्यक्षा म्हणतात, "शहराचे नळ कोरडे पडले की मोर्चा तुमच्या दारात आणणार आहे, सांगून ठेवते." सुबराव काही मागत नाहीत. त्यांच्या मांडीवर टॉवेल आहे, टॉवेलात एक मासा. त्याचं तोंड उघडतंय, मिटतंय.

"याला काय सांगू, बाई?" ते विचारतात.

मी सांगते. आधी ताजं पाणी, मग बरगे. नदी एकच आहे, वरची वेगळी नि खालची वेगळी असं नसतं, वर जे कराल ते खाली पोचणार. हे मी इतक्यांदा बोललेय की जीभ आपोआप चालते. सगळे माना डोलावतात. अगदी मनापासून डोलावतात. मग बिस्किटं चहात बुडवतात.

"छान बोललीस," आई म्हणते.

"उपयोग काय, डोंबल?"

आई टेबलावरची चादर जरा उचलते आणि खाली वाकून बघते. तिच्या मागोमाग मीही वाकते. खाली आमचं जुनं स्वयंपाकघर आहे. फडताळ भिंतभर उंच झालंय. फळ्यांवर आईचे पितळी डबे ओळीनं मांडलेत आणि फळ्यांच्या मागे काळं पाणी उभं आहे, छतापर्यंत. मळीचा वास नाकातच बसतो.

आई एकेक डबा उतरवायला लागते.

"आई, थांब! फळीला हात लावू नकोस."

"मेथ्या शोधतेय गं. इथंच तर ठेवल्या होत्या."

फटीतून फेस बाहेर येतो, ओट्यावर ओघळतो. मी पदरानं फट दाबून धरते. एक दाबली की दुसरी सुटते. आईनं बोट फेसाला लावून हुंगलंय, तोंड वाकडं केलंय.

"शी! हे माझ्या अंगावर सोडणार होतीस होय?"

"नाही गं! म्हणून तर सोडत नाही ना!"

"मग मला कधी सोडणार?"

"उद्या. उद्या दहावं आहे तुझं."

"उद्या वाहील डोह?"

किती साधेपणानं विचारते ती. लहानपणी मी विचारायची, उद्या सुट्टी आहे का, तसं. आणि मला खोटं बोलता येत नाही. बाकी सगळ्यांशी बोलते, रोज बोलते, होईल, बघू, वर कळवलंय. तिच्यापुढे नाही जमत.

"नाही आई. नाही वाहणार."

ती डबा हातात धरून उभी राहते. रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला रडू फुटतं, अगदी हमसून. "मला काही करता येत नाही गं. खुर्चीवर मी बसलेय खरी, पण पाणी एकाच्या ताब्यात, घाण दुसऱ्याची, आणि दोघांच्या मध्ये मी नुसती उभी. तुझं एवढंसं मागणं होतं, तेही मला पुरं करता येत नाही."

"बरं बरं. रडायचं तर पाण्यात रड," आई म्हणते. "कुणाला कळत नाही."

नवीन पोरी पाण्याला भिऊन रडायच्या तेव्हा ती हेच म्हणायची.

आम्ही पाण्यातच आहोत. डोहात. तळाचे गोटे दिसतायत, पायांच्या बोटांना बारीक मासे टोचतायत. काठावर पोरींची रांग लागलीय, प्रत्येकीच्या पाठीला वाळका भोपळा बांधलाय. आई माझ्याही पाठीला भोपळा बांधते, दोरी काखेतून घट्ट ओढते.

"अगं, पन्नाशीला आले मी."

"म्हणून काय बुडणार नाहीस?"

ती उताणी होऊन डोहाच्या मधोमध जाते. हात पसरलेले, डोळे आभाळाकडे. मी तिच्याकडे जायला पाय मारते. पाणी हलत नाही. मी कितीही पाय मारले तरी एक तरंग उठत नाही. आई आहे तिथंच आहे. एखादं पान अडकावं तशी.

"हलतच नाही गं हे," ती म्हणते. "मी इथंच राहणार का?"

आवाज म्हातारा झालाय तिचा. शेवटच्या दिवशी होता तसा. त्या दिवशीही तिनं मला काहीतरी विचारलं होतं आणि मी उशी सरळ करत राहिले होते.

कुठंतरी घंटा वाजतेय. देवळातली असेल. वाजतेय, वाजतेय.

"घे की," आई म्हणते. "केव्हाची वाजतेय."

मी वर बघते. बंधाऱ्यामागे काळं काही नाहीच! वरून ताजं पाणी येतंय, हिरवंनिळं, धरणाचं, काठोकाठ. देसायांनी सोडलं की काय? सोडलंच असेल, माणूस वाईट नाही तो. ऊन पाण्यात शिरलंय. काठावरून कुणीतरी हाक मारतंय.

"मॅडम, काढू का?"

अहाहा! कुणीतरी मला विचारतंय, आणि उत्तर माझ्यापाशी आहे. बैठक नको, परवानगी नको, कुणाच्या पाया पडायला नको. किती हलकं वाटतंय. मी उत्तर देते. काय देते ते पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नाही.

डोह हलतो. आधी आईच्या पदराचं टोक हलतं, मग हात, मग ती सगळीच सुटते. प्रवाहात नीट येते, कूस बदलते आणि जुन्या सवयीनं हात टाकायला लागते. वळणावर मागं वळून ओरडते, "पाय मार गं, पाय!"

मी मारते. हसतेय मी. किती दिवसांनी हसतेय.

पंखा कुरकुरतोय. बाकाची कड बरगडीत रुतलीय. फोन गालाखाली दबलाय, गरम झालाय, गालाला चिकटलाय.

पाण्याचा आवाज येतोय.

काही क्षण मी तशीच पडून ऐकते, सुखानं. मग वास येतो आणि मी ताडकन उठून बसते.

खिडकीतून डोह दिसतो. अर्धा अजून निर्मळ आहे, अर्धा काळा झालाय. बंधाऱ्याच्या मोकळ्या खाचेतून काळं पाणी लोटतंय, फेसाचे गोळेच्या गोळे डोहावर पसरतायत. सुबराव भोई कपड्यानिशी पाण्यात उतरलेत. त्यांच्या घरच्या बायका घागरी घेऊन काठावर धावतायत आणि हाताला लागेल तो मासा घागरीत टाकतायत.

मी पाणीपुरवठ्याला फोन लावते. पंप बंद करा, आत्ताच्या आत्ता, शहराला थेंब जाऊ देऊ नका. ते बंद करतात. तेवढं होतं. मग रंगरावला लावते.

"रंगराव, बरगे कुणी काढले?"

"मीच की, मॅडम."

"धरणाचं पाणी आलं?"

"कुठलं आलंय? म्हणून तर तुम्हाला इचारलं. म्हटलं, उद्या तुमच्या आईचं दहावं, डोह तर हलंना झालाय, दोन बरगे काढू का?"

"परत बसव. ताबडतोब बसव!"

"वाहत्या पाण्यात कुठलं बसतंय, मॅडम? ओढ बघा की केवढी हाय. आता सगळं रितं झाल्याबिगर न्हाई बसत."

मी फोन कानापासून दूर धरून बघते. त्याचा मघाचा फोन आलेला दिसतोय. उचललेला. बोललेला.

खाली एका बाईनं घागर पालथी केलीय. आतले मासे हलत नसावेत.

"मी काय म्हणाले रे तुला?" मी विचारते.

माझं काहीतरी बिनसलंय हे रंगरावला आता कळलंय, पण काय ते कळत नाही. बिचारा जपून बोलतो, दुखवट्याच्या घरी बोलावं तसा.

"हसत होतासा तुम्ही, मॅडम. म्हटलं, बरं झालं, लय दिवसांनी हसल्या. म्हणालासा, 'काढ रे, काढ. आईला पोहायचंय.'"