मागे कोणी नाही

माझं शेवटचं पोस्टिंग जपानात, सेंदाईला झालं, असं मी साताऱ्यात सगळ्यांना सांगतो. ऑर्डर मुलीची होती. मंजिरी आणि जावई केदारराव दोघंही तिथे नोकरीला. "बाबा, दोन महिने या. बर्फ बघून तुम्हाला बरं वाटेल," असं ती फोनवर म्हणाली. बर्फ बघून बरं वाटणारा सुभेदार मी तरी पाहिलेला नाही. पण लेक बोलावते म्हटल्यावर बॅग भरली.

त्यांचे शेजारी एंदो-सान माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच पेन्शनर. मी फौजेत स्कीवर पेट्रोलिंग केलंय हे मंजिरीनं त्यांना सांगितलं आणि रविवारचा बेत ठरला. डोंगरातल्या जंगलातून दिवसभराचा फेरा मारायचा आणि अंधाराच्या आत निघाल्या जागी परत यायचं. स्की लांब, अरुंद, टाच मोकळी. चढावर चालायचं, उतारावर घसरायचं.

सकाळी सातला पार्किंगमधून निघालो. एंदो-सान पुढे, मग मी, मग मंजिरी. मी शेवटी राहतो म्हटलं, तर केदारराव ऐकेनात.

"छे छे बाबा, तुम्ही मध्ये. मागे मी आहे ना."

जावयाशी हुज्जत घालायची आमच्यात रीत नाही. मध्ये लागलो.

सकाळ फार सुखाची गेली. काळेभोर उंच जपानी देवदार, त्यांच्यावर बर्फाचे थर, आणि स्कीचा तोच तो सर्र सर्र आवाज. गुडघे कुरकुरत होते, पण पाय काही विसरले नव्हते. मागून केदाररावांची ऑफिसची रेकॉर्ड चालू होती. कुठला सर्व्हर कधी पडला, ते सगळं मला पाठ झालं.

जेवायला कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके होते आणि मंजिरीचे डिंकाचे लाडू. एंदो-साननी एक लाडू खाल्ला आणि डबा पुन्हा स्वतःकडे ओढला. तेव्हा मी फौजेतल्या आमच्या सेक्शनची पद्धत सांगितली; मंजिरी एंदो-सानना जपानीत समजावत होती. पुढचा जवान ताज्या बर्फात वाट पाडतो. दमला की बाजूला उभा राहतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि शेवटी लागतो. त्याला विश्रांती मिळते, पण खरं काम वेगळंच. सगळे त्याच्यासमोरून जातात आणि तो एकेकाचा चेहरा बघतो. नाकावर, गालावर पांढरा डाग दिसला की तिथंच थांबवतो. थंडीनं मेलेली कातडी दुखत नाही, आणि स्वतःचा चेहरा कोणाला दिसत नाही. मग तो शेवटून ओरडतो, "मागे कोणी नाही!" त्यानंतरच सेक्शन हलतो.

"आमचा नायक दत्तू शेलार, वाईकडचा. तो ओरडायचा, 'मागे कोणी नाही, पुढे जेवण!'"

सगळे हसले. दत्तूचं पुढचं मी सांगितलं नाही.

जेवणानंतर वाट मी पाडतो म्हटलं. एंदो-सान वाकून "दाइजोबू, दाइजोबू", म्हणजे काही काळजी नको, म्हणाले आणि पुढे निघालेसुद्धा. यजमान पाहुण्याला राबू देईना, जावई सासऱ्याला शेवटी राहू देईना. या आदबीत जेवणानंतर केदाररावांचा चेहरा कोणीच पाहिला नाही.

दोनच्या सुमारास डोंगराच्या धारेवर आलो आणि वारा सुटला. बर्फ आडवा येऊ लागला. मागची ऑफिसची रेकॉर्ड बंद पडली होती.

"केदारराव, ठीक ना?"

"हो बाबा. आता तर थंडी वाजतच नाहीये."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. वळलो, मंजिरीला ओलांडून मागे गेलो. त्यांचं नाक आणि डावा गाल मेणासारखे पांढरे पडले होते. एक ग्लव्ह मनगटाला लोंबत होता.

"बसतो जरा पाच मिनिटं," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

"केदार, हॉल्ट! बसायचं नाही. जॅकेट उघड."

मंजिरी माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, मी जावयाला एकेरीत हाक मारली नव्हती. जॅकेटच्या आत सुती बनियन, घामानं पिळून काढावं असं ओलं.

"कॉटन? इंजिनिअर ना रे तू?"

एंदो-सान परत आले आणि सोबत आणलेली ताडपत्री धरून वाऱ्याला आडवे उभे राहिले. माझ्या पाठपिशवीत जादा लोकरी बनियन होतं, जुनी सवय. ते त्याला घातलं. गालावर तळहात ठेवले, चोळलं नाही. मंजिरीनं त्याची बोटं स्वतःच्या काखेत धरली. ती रडत नव्हती, पण तिचे ओठ हलत होते. पोरीचं कपाळ पुसलं जातंय की काय, या भीतीनं मी घाईघाईनं थर्मास उघडला. गरम चहा, मग लाडू. बऱ्याच वेळानं तो थडथड कापायला लागला. अंगात ऊब परतल्याची ती खूण.

"बाबा, गाल दुखतोय."

"दुखू दे. झकास!"

उरलेल्या उतारावर शेवटी मी राहिलो. कोणी हुज्जत घातली नाही. एंदो-सान प्रत्येक वळणावर थांबून सगळ्यांचे चेहरे बघत होते.

शेवटी राहिलं की दत्तू आठवतोच. त्या दिवशी वाट पाडून तो नुकताच मागे लागला होता. मी समोरून जाताना मला म्हणाला, "हवालदार साहेब, गाल झाका." मी उतार पार केला आणि मागे आवाज झाला. वळलो तर बर्फाचा अख्खा उतारच दत्तूसकट खाली गेला होता.

मी वायरलेसवर तळाला हाक दिली. "टायगर, एक जवान बर्फ के नीचे. ओव्हर."

"ढूंढते रहो. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. दत्तू सापडला नाही. त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये ती आरोळी कोणी दिली नाही. तसा हुकूम कोणी काढला नव्हता.

उजेड असतानाच पार्किंगला पोहोचलो. केदारचा गाल लाल झाला होता, आवाज परत आला होता. मी झाडीतून बाहेर पडताना त्यानं गाडीपाशी उभं राहून हाक मारली.

"बाबा, ओरडा की! मागे कोणी नाही..."

मी मागे पाहिलं. आमची वाट ताज्या बर्फानं बुजत चालली होती. डोळे भरून आले.

"पुढे जेवण," मी म्हणालो.