बत्तीस मजल्यांचा शेजार

बांधकामावर सगळे त्याला घार म्हणत. सव्वीस वर्षं टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्याची मान कायमची खाली वळली होती. जमिनीवर चालतानासुद्धा तो समोरच्याचा चेहरा पाहण्याआधी त्याच्या चपला पाही. "घारीला विचारा, टकलावर किती केस उरलेत ते सांगेल," असं मुकादम नव्या माणसांना सांगायचा.

शहराच्या मध्यावर जे काही उंच उभं राहिलं होतं, त्यातल्या सात इमारतींचं लोखंड त्याच्या हातून वर गेलं होतं. पूर्वी स्टेशनच्या पुलावरून टेकडीची अख्खी कड दिसायची, आता इमारतींच्या मधून तिचे तुकडे दिसत. "टेकडी तुम्हीच गिळलीत," असं बायको म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. बसमधून जाताना तो खिडकीतून बोट दाखवायचा, "तो माझा. तोही माझा." जणू शाळेतून सुटलेली पोरंच ओळखून काढतोय.

त्याची थोरली बहीण त्याच भागात राही. तीन मजली जुन्या इमारतीत खाली ताईचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. नवरा गेल्यावर याच मशीनवर तिने दोन मुली शिकवल्या आणि मार्गी लावल्या. शेजारची गोदामं पाडून तिथे बत्तीस मजली टॉवर येणार हे ठरलं, तेव्हा बिल्डरची माणसं तिच्या इमारतीतही फिरून गेली. जागा विकता का, म्हणून विचारत होती. ताईने भावाचा सल्ला घेतला.

"विकू नकोस," तो म्हणाला. "टॉवरमध्ये लोक राहायला आले की तुझ्या दुकानापुढे रांग लागेल. बत्तीस मजल्यांच्या पँटी आखूड करायच्या म्हटल्या तरी जन्म पुरायचा नाही."

"आणि खोदताना काही झालं तर?"

"वर मीच बसलेलो असणार ना. माझ्या नजरेतून काय सुटणार आहे?"

तिने नकार कळवला. ती नाही म्हणाली म्हणून वरच्या मजल्यांवरचेही नाही म्हणाले.

खड्डा दोन तळघरांइतका खोल गेला तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तो डबा घेऊन ताईकडे जेवायला गेला. जेवता जेवता ती म्हणाली, "आतल्या खोलीचं दार लागत नाही रे. खाली घासतंय."

"लाकूड फुगलं असेल."

"एवढ्या कोरड्या हवेत?"

तो उठला, दार हलवून पाहिलं. चौकटीच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग तिरपी वर गेली होती. परत गेल्यावर त्याने साइटच्या इंजिनियरला सांगितलं. इंजिनियर हसतमुख माणूस, पण त्याच्या डोक्यावर तारखांचं ओझं होतं.

"काका, ती इमारत इतकी जुनी आहे, कुणी शिंकलं तरी भेग पडेल. आपण रोज मोजतोय ना."

रोज कोण मोजतं आणि कुठे लिहितं, हे घारीला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पोट भरत होतं ते याच खड्ड्यावर, आणि बहिणीला शब्दही त्यानेच दिलेला. दुसऱ्या दिवशी तो घरून रंधा घेऊन गेला आणि दाराची खालची कड तासून दिली. दार लागलं. "सुटली कटकट," ताई म्हणाली.

त्यानंतर अठरा दिवसांनी, सकाळी साडेसातच्या सुमाराला, तो केबिनमध्ये बसला. ऊन अजून आडवं होतं. त्या तिरप्या उन्हात त्याला डांबरी रस्त्यावर एक काळी रेघ दिसली. विजेच्या खांबापासून निघून ती ताईच्या पायरीपर्यंत गेली होती, खड्ड्याच्या कडेला अगदी समांतर. खाली, माती अडवायला रोवलेल्या लोखंडी पत्र्यांच्या सांध्यातून गढूळ पाणी झिरपत होतं. आदल्या संध्याकाळी यातलं काहीच नव्हतं.

त्याने वॉकीटॉकी उचलला. "साहेब, रस्ता तुटतोय. खालची माणसं बाहेर काढा."

"काका, सळया अडकवून तयार आहेत. एवढा माल उतरवा, मग बघू."

"आधी माणसं."

"तुम्ही क्रेन चालवा. जमिनीचं आम्ही बघतो."

घारीने क्रेनचं तोंड रस्त्यापासून लांब फिरवलं, मशीन बंद केलं आणि शिडी धरली. दुखऱ्या गुडघ्यांनी दोनशेबारा पायऱ्या उतरायला त्याला वीस मिनिटं लागली. तो खाली येईपर्यंत ही गोष्ट खड्ड्यात पोचली होती. घार कामाच्या वेळी खाली उतरली म्हटल्यावर कामगार न सांगताच वर आले.

तो थेट ताईच्या दुकानात गेला. ती एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होती.

"ऊठ. बाहेर चल. वरच्यांनाही हाक मार."

"झालं काय?"

"नंतर सांगतो."

"अरे, लोकांचे कपडे आहेत इथे. सोडून कशी येऊ?"

त्याने तिच्या हातातला कोट घेतला आणि दंडाला धरून तिला बाहेर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थोरल्या बहिणीवर जोर केला होता. इमारतीतली अकराच्या अकरा माणसं समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली.

आणि काहीच झालं नाही. दहा वाजले, बारा वाजले. कंपनीचा मोठा साहेब येऊन ओरडून गेला. वरच्या मजल्यावरचे आजोबा औषधासाठी परत जायला निघाले, त्यांना घारीने अडवलं. "साप साप म्हणून भुई धोपटतोय हा," कुणीतरी म्हणालं. ताईसुद्धा म्हणाली, "निदान मशीन तरी आणू दे." त्याने मान हलवून नाही म्हटलं. ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

दोन वाजून गेल्यावर विजेचा खांब वाकला. मग रस्ता खाली बसला, पत्रे आत कलंडले आणि इमारतीची खड्ड्याकडची बाजू त्यांच्यामागून गेली. आवाज फार मोठा झाला नाही. धूळ विरली तेव्हा ताईच्या वरच्या खोलीचा अर्धा भाग उघडा पडला होता. तासलेलं दार चौकटीसकट लोंबत होतं.

ताईने ते पाहिलं आणि मग भावाकडे पाहिलं. "तुला तेव्हाच कळलं होतं," एवढंच ती म्हणाली.

लोक त्याचे हात धरत होते. आजोबा त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याला ते सहन होईना.

चौकशी बसली. इंजिनियरने सगळं लेखी दिलं होतं. मोजमापं रोज घेतली होती आणि ती ठीक होती, असं त्यात होतं. घारीच्या वकिलाने त्याला बजावलं, विचारतील तेवढंच बोला. तो उभा राहिला आणि रेघेचं सांगून झाल्यावर न विचारताच म्हणाला, "भेग मी एकोणीस दिवस आधी पाहिली होती. इंजिनियर साहेबांना एकदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, पण मीही पुन्हा सांगितलं नाही. दार तासून दिलं. हेही लिहा."

लिहिणाऱ्याने हात थांबवून वर पाहिलं. मागच्या बाकावर ताई बसली होती. तिची मान खालीच राहिली.

काम पाच महिने बंद राहिलं. मग दुसऱ्या ठेकेदाराने खड्डा भक्कम करून घेतला आणि टॉवर वर चढू लागला. बोलणारा माणूस म्हणून घारीला उंच क्रेनवर कुणी घेत नाही. हल्ली तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणारी लहान क्रेन चालवतो, पुरुषभर उंचीवर बसून. गुडघ्यांना आराम आहे, असं तो सांगतो.

ताई गावाबाहेर धाकट्या लेकीकडे राहते. तिथे तिच्या हातच्या शिवणीची कुणाला ओळख नाही. रविवारी तो जातो. ती चहा टाकते, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करते, वहिनी कशी आहे विचारते. मनात राग आहे का, हे तो विचारत नाही आणि तीही सांगत नाही. एकदा त्याच्या सदऱ्याची बाही उसवलेली तिला दिसली. "काढ तो," ती म्हणाली. लेकीच्या मशीनवर तिने ती शिवून दिली. तेवढा वेळ तो बनियनवर बसून राहिला, जमिनीकडे पाहत.