सरकत्या दाराचा उंबरा

ते दार एकदाचं पूर्ण बंद व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. थोरल्या भावाचं तोंड दिसू नये, त्याचं सकाळचं खाकरणं ऐकू येऊ नये, त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या माझ्या ताटात पडू नयेत. आणि दार असं नतद्रष्ट, की हातभर उघडं राहून तिथंच गच्च बसायचं. मी आणि बायकोनं मिळून रेटलं तरी हलायचं नाही.

वडील गेल्यावर कोल्हापुरातल्या आमच्या घराची वाटणी झाली. पुढच्या हॉलचा उजवा भाग त्याचा, डावा माझा. मध्ये विटांची भिंत हवी, यावर आमचं दोघांचं काही भांडण नव्हतं. आई आडवी आली. "मी जित्ती असताना घरात भित घालायची न्हाय," म्हणाली, आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. शेवटी थोरल्यानंच तोडगा काढला. कुठल्याशा ऑफिसात त्यानं ॲल्युमिनियमचं सरकतं दार बघितलं होतं, दुधी काचेचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तसलं दार आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हतं. लोक मुद्दाम बघायला आले. दोन भावांच्या भांडणाचं एवढं कौतुक मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

आईनं कुणाकडे राहायचं हे वाटणीत ठरलंच नाही, म्हणून ती दोन्हीकडे राहिली. झोपायला आमच्याकडे, सकाळचा चहा तिकडे, दुपारची भाकरी परत आमच्याकडे. दिवसातून वीस वेळा ती त्या दारातून इकडून तिकडे जायची. आमचं बोलणं बंद होतं, तेव्हा निरोपही तीच न्यायची. "त्याला म्हणावं, दार नीट ओढ, बापाची पेंड नव्हे." "त्यो म्हणतोय, तू बी नीट ओढ." निरोप पोचवताना ती मधल्या शिव्या गाळून टाकते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन पावसाळे दार बरं चाललं. मग कुरकुरायला लागलं, मग अडायला. थोरल्याचं म्हणणं, माझी बायको दार आपटते. माझं म्हणणं, त्याची पोरं दाराला लोंबकळतात. तो कामावर गेला की मी रुळात शिलाई मशीनचं तेल ओतायचो. मी घरात नसलो की तो खोबरेल ओतायचा. एकमेकांना सांगायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यात दार कायमचं बसलं, आणि उरलेल्या फटीतून आई अंग चोरून जायला लागली. तिला ते जमत होतं. मला जमत नव्हतं, कारण त्या फटीतून मला रोज थोरल्याच्या खुर्चीची पाठ दिसायची आणि दिवस नासायचा.

शेवटी मी उद्यमनगरातून एक मिस्त्री आणले. साठीचे, मुसलमान, आधी पत्र्याचं काम करायचे, आता ॲल्युमिनियमचं. ते हत्यारं मांडतात न मांडतात तोवर थोरला खुर्ची ओढून पलीकडे येऊन बसला. त्याच्या हद्दीतला रूळ आम्ही कापून नेऊ, असं त्याला वाटलं असावं.

मिस्त्रींनी दोन्ही पल्ले उचलून बाहेर काढले आणि भिंतीला टेकवले. खालची नायलॉनची चाकं एका अंगानं चपटी झाली होती. रूळ झिजून त्याला धार आली होती. मग ते स्क्रूड्रायव्हरनं रूळ खरवडायला लागले. तेलात मळलेला पिवळा-तांबडा चिखल निघाला. निघतच राहिला. त्यात तांदळाचे दाणे होते, झेंडूच्या पाकळ्या होत्या. मिस्त्रींनी चिमूटभर बोटांवर चोळून बघितलं.

"ही रांगोळी हाय की ओ. दगडाची पूड. चाकं खाऊन टाकलीत हिनं. रुळात रांगोळी कोन घालतंय?"

माहीत सगळ्यांना होतं. आई शाहूवाडीकडच्या खेड्यातली. उंबरा पुजल्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही. रोज सकाळी ती त्या रुळापाशी बसून तांब्याभर पाणी घालायची, हळदी-कुंकवाची बोटं ओढायची, अक्षता-फुलं वाहायची आणि रांगोळीच्या दोन रेघा काढायची. चोरून नव्हे, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण मला दोषी थोरलाच हवा होता आणि त्याला मी. त्यामुळं ते कुणी बघितलंच नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "उंबराच हाय न्हवं त्यो?" तिनं मिस्त्रींना विचारलं. "दोन्ही घरांत मिळून एकच हाय. पुजायला नगो?"

मिस्त्री खाली मान घालून चाकं सोडवत राहिले. बोललो आम्ही. "आई, अक्कल हाय का तुला? उंबरा न्हाय त्यो, रूळ हाय!" थोरला ओरडला. मी त्याच्याही वर आवाज चढवला. "आम्ही एकमेकांच्या उरावर बसलोय, आनि वाट लावनारी तू!" वाटणीनंतर आम्हा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते आईला फाडून खाण्यात. लाज वाटायला हवी होती. मला हलकं वाटलं, अगदी खरं सांगतो.

"न्हाय घालत आता," आई म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्रींनी झिजलेल्या रुळावर नवी पट्टी चढवली, नवी चाकं घातली, स्क्रू फिरवून पल्ले जरा वर घेतले, कडेचं रबर बदललं. तेलाचा थेंब घालायचा नाही, मेणबत्ती घासा, असं बजावलं. दार एका बोटानं सरकलं आणि कडेला जाऊन घट्ट बसलं. केसभरसुद्धा फट राहिली नाही.

"म्हातारं मानूस येतंय-जातंय," मिस्त्री हळूच म्हणाले. "कडी नगो बसवायला."

"बसवा," मी म्हणालो. "माझ्या बाजूनं."

"माझ्या बी बाजूनं," थोरला खुर्चीतून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाला पलीकडे गेली. रुळापाशी ती बसली नाही. ती गेल्यावर मी दार ओढलं आणि कडी घातली. किती दिवसांनी मी निवांत पेपर उघडला. पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. थोरला नाहीतर त्याची बायको काहीतरी कुरापत काढायला आली असणार, असं मला वाटलं. मी पेपरातून मान वर काढली नाही.

पुन्हा टकटक झाली.

"कोन हाय?" मी खेकसलो.

"मी हाय," आई म्हणाली. "आत येऊ का?"